रोमचा प्राचीन इतिहास वाचायचा आहे, सुरुवात कुठून करू?

माहुली

नमस्कार मंडळी.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीक-रोमन जगातला समुद्रदेव पंचगंगेच्या काठी येऊन पोचला होता! ती पाहिल्यापासून रोमबद्दल नीट वाचायचं मनात घेतलं आहे. शाळेत सीझरचा खून आणि रोम जळताना फिडल वाजवणारा नीरो, एवढ्यावर विषय आटोपला होता. नंतर मालिका पाहिल्या, पण त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती हे ठरवायला हाताशी काहीच नव्हतं.

गिबनचा पहिला खंड ग्रंथालयातून आणला आहे. भाषा भारदस्त आहे, वाचायला आवडते आहे. पण ऑगस्टस कोण, सिनेटचं काम काय, हे वाचकाला आधीच ठाऊक आहे असं धरून तो पुढे जातो.

मला राजांची यादी आणि लढायांच्या तारखा नकोत. ही माणसं कशी होती, कशासाठी भांडत होती आणि आपल्याला हे सगळं कुणामुळे कळलं, ते समजून घ्यायचं आहे. लॅटिन येत नाही, इंग्रजी चालेल. मराठीत काही असेल तर फारच उत्तम. कृपया सुचवा.

दगडफूल

गिबन सोडू नका, पण आत्ता बाजूला ठेवा. त्याचे सहा खंड १७७६ ते १७८८ या काळात आले आणि त्याची गोष्ट सुरूच होते दुसऱ्या शतकातल्या अँटोनाइन सम्राटांपासून. म्हणजे रोम पूर्ण भरात आलेलं आहे आणि आता उतरण लागणार आहे. तिथून तो थेट १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत जातो. रोम उभं कसं राहिलं हा प्रश्न त्याने घेतलेलाच नाही. तुम्हाला तोच हवा आहे.

एकच पुस्तक घ्यायचं तर मेरी बिअर्ड यांचं 'एसपीक्यूआर' (२०१५). केंब्रिजमध्ये आयुष्यभर हा विषय शिकवलेल्या बाई आहेत. सुरुवात रोम्युलस-रेमसपासून न करता त्या इ.स.पू. ६३ मधल्या सत्ता बळकावण्यासाठी रचलेल्या कॅटिलाइनच्या कटापासून करतात, कारण रोमविषयीचा भरघोस समकालीन मजकूर तिथून हाती लागतो. मग मागे जाऊन विचारतात की आधीच्या सातशे वर्षांबद्दल रोमन लोक जे सांगत होते, त्यातलं त्यांना स्वतःला तरी किती माहीत होतं? शेवट इ.स. २१२ मध्ये, जेव्हा सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिलं.

काहींना हे पुस्तक विस्कळीत वाटतं. लढाया कमी, प्रश्न जास्त. मला तेच आवडतं. प्रत्येक पानावर 'हे आपल्याला कशावरून कळलं' ही विचारणा चालू असते, आणि नवख्या वाचकाला ती सवय पहिल्याच पुस्तकात लागली तर पुढचं सगळं वाचन सुधारतं.

बखरवाचक

दगडफूल यांच्याशी सहमत. थोडं पुढे जाऊन सांगतो.

आपल्याकडे मराठ्यांच्या इतिहासाचं वाचन बखरींनी सुरू झालं आणि पुढे राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतल्यावर (पहिला खंड १८९८) बखर एकीकडे आणि अस्सल पत्र एकीकडे ठेवून पाहायची शिस्त आली. रोम वाचतानाही हीच शिस्त लावा. नशिबाने एका पिढीपुरता रोमचा अस्सल पत्रव्यवहार शिल्लक आहे. वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या संग्रहात नऊशेहून अधिक पत्रं आहेत, त्यातली काही त्याला आलेलीही. मित्र अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांचे सोळा भाग आहेत. कवी पेट्रार्कला ती १३४५ मध्ये व्हेरोनात सापडली.

एक पत्र सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो आहे ते कळेल. इ.स.पू. ४५ चा डिसेंबर. सीझर आता सर्वसत्ताधीश आहे आणि नेपल्सजवळ सिसेरोच्या घरी जेवायला येणार आहे. सोबत दोन हजार माणसं! आदल्या संध्याकाळी ती शेजारच्या घरी उतरली, तेव्हा सीझरला जेवायला बसायला एक खोली मोकळी मिळायची मारामार. सिसेरो हवालदिल, उद्या आपल्याकडे काय होणार? सुदैवाने एका ओळखीच्या अधिकाऱ्याने पहारे बसवले, शिपायांचा तळ शेतात पडला. सीझर दुपारी समुद्रकाठी फिरला, स्नान केलं, कुणा मामुराबद्दलची बातमी ऐकताना चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, अंगाला तेल लावून घेतलं आणि जेवायला बसला. खाल्लं भरपूर, मजेत. त्याच्या लवाजम्याला तीन दालनांत वाढलं. गुलामांना आणि साध्या मुक्तदासांनाही काही कमी पडू दिलं नाही, वरच्या लोकांचा थाट वेगळा. आणि बोलणं? राजकारणावर अक्षर नाही, साहित्यावर पुष्कळ. शेवटी सिसेरो लिहितो की पाहुणा असा नव्हता की निघताना त्याला 'परतताना पुन्हा या हं' म्हणावं. एकदा झालं तेवढं पुरे.

तीन महिन्यांनी, १५ मार्चला, सीझर मारला गेला. पुढच्या दोन वर्षांच्या आत सिसेरोही उरला नाही, त्याला इ.स.पू. ४३ च्या ७ डिसेंबरला मारलं. पण हे पत्र लिहिताना त्याला यातलं काहीही माहीत नाही. पुढचं माहीत नसलेल्या माणसाने लिहिलेला कागद, ही चीज कुठल्याही सम्राटचरित्रात मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: सगळा हजार वर्षांचा रोम एकदम घ्यायला जाऊ नका. इ.स.पू. १३३ ते इ.स.पू. २७, म्हणजे गरिबांना जमिनी देऊ पाहणाऱ्या टायबेरियस ग्रॅकसच्या खुनापासून पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापर्यंतचं एक शतक धरा. प्रजासत्ताक कसं मोडलं, ही रोमची सगळ्यात चांगली नोंदलेली गोष्ट आहे. एक आजचा इतिहासकार आणि त्याच्या शेजारी एक त्या काळचा लेखक, अशी जोडी लावून वाचा. बाकीचा रोम मग आपोआप भोवती गोळा होतो.

रानवारा

वाचनखूण साठवली. बखरवाचक, या शतकासाठी आजचा इतिहासकार कोणता घ्यावा?

बखरवाचक

गोष्टीसारखं वाचायचं असेल तर टॉम हॉलंड यांचं 'रुबिकॉन' (२००३). वेग उत्तम आहे, माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. मात्र साधनांत जिथे शंका आहे तिथे ते फारसे थांबत नाहीत, एवढं लक्षात ठेवून वाचा. सीझरवरच मुक्काम करायचा असेल तर एड्रियन गोल्ड्सवर्दी यांचं चरित्र (२००६). त्यात सैन्याची बाजू पक्की आहे.

पुढे तयारी झाली की रोनाल्ड साइम यांचं 'द रोमन रेव्होल्यूशन'. १९३९ मध्ये, युरोपात हुकूमशहा माजलेले असताना आलेलं पुस्तक. ऑगस्टसला साइम देवासारखा पुजत नाहीत. कोणत्या घराण्यातली कोण माणसं त्याच्याबरोबर होती, कुणाचं लग्न कुणाशी झालं, कुणाची जमीन कुणाकडे गेली, यातून ते त्याची सत्ता उलगडतात. नावांचा मारा आहे, त्यामुळे हे पहिलं पुस्तक नव्हे. पण रोमबद्दल मी वाचलेल्यातलं सर्वांत धारदार.

त्या काळचा लेखक म्हणून सिसेरोखेरीज सॅलस्ट घ्या. 'कॅटिलाइनचा कट' दोन बैठकांत संपतो. आणि ग्रॅकस बंधूंपासूनची सलग हकिगत हवी तर अ‍ॅपियनचं 'यादवी युद्धे'. तो जवळजवळ तीनशे वर्षांनी लिहितो आहे, पण त्या सुरुवातीच्या दशकांची अशी सलग कथा दुसरीकडे उरलेलीच नाही.

गोदातीर

सिसेरोच्या पत्रांवर वाद नाही. पण बखरवाचक, तुमच्या या शिस्तीत ऑगस्टसच्या काळचा इतिहासकार लिव्ही बिचारा 'बखर' म्हणून बाजूला पडतो, आणि ते मला मान्य नाही.

लिव्हीने १४२ भाग लिहिले, आज ३५ उरले आहेत. त्यातले २१ ते ३० हे भाग म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी झालेलं युद्ध. तेवढे दहा भाग वाचा. हत्तींसह आल्प्स ओलांडणं, इ.स.पू. २१६ मधला कॅनेचा संहार, आणि त्यानंतरचं रोम. संध्याकाळपर्यंत जिथून निरोप्या येईल तिकडे डोळे लावून बसलेलं शहर, घराघरांतून उठलेला आक्रोश, आणि मेलेले कोण, जगलेले कोण हे कळत नसल्याने सगळ्यांसाठीच चाललेला शोक. आणि मग, जो सेनापती पळून जीव वाचवून आला त्याच व्हॅरोला सामोरं जाऊन लोक त्याचे आभार मानतात, कारण त्याने राज्याची आशा सोडली नाही! हे खरोखर असंच घडलं का, ते मला सांगता येणार नाही. पण रोमन माणसाला स्वतःचं कोणतं रूप खरं वाटत होतं, ते इथे दिसतं. तोही इतिहासच आहे.

तुमच्या शिस्तीसाठी याच प्रसंगाचा उपयोग करा. कॅनेला किती मेले? लिव्ही म्हणतो पायदळाचे ४५,५०० आणि घोडदळाचे २,७००. पॉलिबियस एकट्या पायदळाचेच सत्तर हजार सांगतो. आता गंमत बघा, पॉलिबियस काळाने जवळचा आणि सहसा जास्त विश्वासाचा. तरी इथे बरेच अभ्यासक लिव्हीचा कमी आकडा उचलतात. तेव्हा 'जुना तो खरा' असाही सरधोपट नियम नाही. दोघांची पानं शेजारी ठेवून तुम्हीच ताडून बघा.

पॉलिबियस स्वतःच एक कादंबरी आहे. ग्रीक मुत्सद्दी, इ.स.पू. १६७ मध्ये हजार जणांबरोबर ओलीस म्हणून इटलीत आणलेला. तिथे रोमन सेनापती स्किपिओ एमिलियानसचा सोबती झाला आणि इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जळताना त्याच्या शेजारी उभा होता. जिंकलेल्यांनी हे कसं जमवलं, हे हरलेल्या बाजूचा माणूस शोधतो आहे. चाळीस भागांपैकी पहिले पाच पूर्ण आहेत. सहाव्याचे तुकडे आहेत, पण रोमची राज्यघटना समजून घ्यायला ते तुकडे वाचलेच पाहिजेत.

नीलमोहर

सगळी जड पुस्तकं चालली आहेत म्हणून एक हलकी वाट सांगते. मी कादंबऱ्यांतून आत शिरले आणि मला त्याचा फायदाच झाला. रॉबर्ट ग्रेव्ह्जची 'आय, क्लॉडियस' (१९३४) आणि रॉबर्ट हॅरिस यांची सिसेरोवरची तीन पुस्तकं: 'इम्पीरियम', 'लस्ट्रम', 'डिक्टेटर'. हॅरिसच्या तिन्ही पुस्तकांत सांगणारा आहे सिसेरोचा लेखनिक टायरो, जो खरोखर होऊन गेला. निवडणूक कशी लढवायचे, खटल्यात जूरीला लाच कशी पोचायची, हे मला त्यातून इतकं स्पष्ट कळलं की नंतर खरी भाषणं वाचताना अडखळले नाही.

आणि प्रवासात असाल तर माइक डंकन यांची 'द हिस्ट्री ऑफ रोम' ही ध्वनिमालिका. २००७ ते २०१२ अशी चालली. अगदी आरंभापासून पश्चिमेचं साम्राज्य संपेपर्यंत सलग. आधीचे भाग साधे आहेत, पुढे हात बसतो. नावं कानावर पडली की पुस्तकात ती परकी वाटत नाहीत.

बखरवाचक

नीलमोहर, कादंबरीला माझी हरकत नाही. फक्त 'आय, क्लॉडियस' झाली की लगेच सुटोनियसचं 'बारा सीझर' घ्यावं, कारण ग्रेव्ह्जने त्यातून भरपूर उचललं आहे.

सुटोनियस हा सम्राट हेड्रियनचा सचिव होता, नंतर त्याला काढलं. दफ्तर हाताशी असलेला माणूस. ऑगस्टसच्या चरित्रात तो ऑगस्टसच्या पत्रांतले उतारे देतो, ते सोन्यासारखे आहेत. पण तोच लेखक ऐकीव किस्सेही तितक्याच सहज देतो. सम्राट कॅलिगुलाने घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, केलं, हे सगळ्यांना पाठ असतं. सुटोनियसचं वाक्य नीट वाचा. घोड्याला संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, हे सांगून झाल्यावर तो म्हणतो की त्याला कॉन्सल करायचा बेत होता 'असंही सांगतात'. केलं, असं तो म्हणतच नाही. आणि कॅलिगुलाचा खून झाला इ.स. ४१ मध्ये, सुटोनियस जन्मला त्यानंतर तीसेक वर्षांनी. इतिहासकार टॅसिटसने कॅलिगुलाबद्दल काय लिहिलं होतं? ते भागच नष्ट झाले आहेत. त्यामुळे त्या पोराच्या चार वर्षांबद्दल आपण बरंचसं किस्स्यांच्या आधारावर बोलतो.

दगडफूल

माहुली यांनी नीरोचा उल्लेख केला आहे म्हणून याला जोडून. टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'चा पंधरावा भाग, आगीचं प्रकरण (इ.स. ६४). आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता. परत आल्यावर त्याने बेघर लोकांसाठी मैदानं आणि स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. हे सगळं टॅसिटस सांगतो, आणि टॅसिटसला नीरोचं जराही प्रेम नाही! मग म्हणतो की एवढं करूनही उपयोग झाला नाही, कारण शहर जळत असताना तो रंगमंचावर उभा राहून ट्रॉयच्या विनाशाचं गाणं म्हणत होता अशी अफवा पसरली होती. आग अपघाताने लागली की सम्राटाने लावली, हे अनिश्चित आहे असंही तो सुरुवातीलाच नोंदवतो. सुटोनियस आणि नंतरचा इतिहासकार डिओ मात्र नीरोनेच लावली असं ठाम सांगतात. फिडल तर त्या काळात नव्हतंच.

तिघांची ती दोन-दोन पानं एका संध्याकाळी वाचून होतात. अफवा बातमी कशी होते आणि बातमी पाठ्यपुस्तकात कशी जाते, हे यापेक्षा चांगलं कुठेही पाहायला मिळणार नाही.

माहुली

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. एक विचारू? हे सगळे लेखक सिनेटर, सेनापती, सम्राटाचे सचिव. बायका, गुलाम, दुकानदार, साधे शिपाई यांच्याबद्दल कुठे वाचायचं? त्यांनी काही लिहून ठेवलं आहे का?

आडवाट

छान प्रश्न, आणि माझ्या आवडीचा. ठेवलं आहे.

उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलँडा नावाचं ठाणं आहे. १९७३ मध्ये तिथल्या चिखलात पत्र्यासारखे पातळ लाकडी तुकडे सापडले, त्यांवर शाईने लिहिलेला मजकूर. पुढे असे शेकडो निघाले. इ.स. १०० च्या आसपासचे. सामानाच्या याद्या, रजेचे अर्ज, कुणाला तरी पाठवलेले पायमोजे आणि आतले कपडे. त्यात एका अधिकाऱ्याची बायको, क्लॉडिया सेवेरा, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सल्पिशिया लेपिडिनाला, वाढदिवसाला बोलावते आहे. ११ सप्टेंबरला नक्की ये, तू आलीस तर माझा दिवस आनंदाचा होईल. मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा आहे आणि खाली शेवटच्या ओळी वेगळ्या, जराशा अवघडलेल्या हस्ताक्षरात: वाट पाहते, बहिणी, खुशाल राहा. त्या ओळी तिने स्वतः लिहिल्या. बाईच्या हातचं लॅटिन लेखन म्हणून आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, छायाचित्रं आणि भाषांतरं जालावर फुकट पाहता येतात.

पॉम्पेईसाठी मेरी बिअर्ड यांचंच 'पॉम्पेई' (२००८). भिंतींवरचे निवडणुकीचे रंगवलेले मजकूर, खाणावळी, जळून कोळसा झालेल्या पण आकार जसाच्या तसा राहिलेल्या भाकऱ्या. याच्या जोडीला धाकट्या प्लिनीची टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रं (६.१६ आणि ६.२०). इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याचा मामा नौदलाचा प्रमुख. तो लोकांना वाचवायला गलबतं घेऊन गेला आणि तिकडेच मेला. इकडे धरणीकंप होत असताना भाचा अंगणात लिव्हीचा ग्रंथ घेऊन टिपणं काढत बसला होता! मामाचा मित्र येऊन ओरडला तरी पोरगा पुस्तकातून डोकं काढेना.

दुकानदार म्हणाल तर रोममधल्या पोर्ता माज्जोरेजवळची युरिसॅसीसची समाधी. हा पावाचा ठेकेदार. बहुधा गुलामीतून सुटलेला असावा. समाधीवर वरच्या बाजूला पाव बनवण्याची सगळी कामं कोरलेली आहेत: दळण, चाळण, कणीक मळणं, भट्टी, वजन. त्याला जगाने लक्षात ठेवावं असं वाटलं ते त्याच्या धंद्यासाठी.

आणि एक कोरडं वाटणारं पण मला फार प्रिय असलेलं पुस्तक: फ्रॉन्टिनसचं रोमच्या पाणीपुरवठ्यावरचं. इ.स. ९७ मध्ये तो जलविभागाचा प्रमुख झाला. त्या वेळचे नऊ कालवे, कुठल्या नळाचा व्यास किती, कागदावर किती पाणी आणि प्रत्यक्षात किती, चोरून जोडलेले नळ कुठे सापडले. सम्राटांची चरित्रं वाचून रोम दूरचं वाटतं, हे वाचून वाटत नाही.

जुन्नरकर

माहुलीताई, तुमची सुरुवात ब्रह्मपुरीतून झाली आहे तर 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' वाचल्याशिवाय राहू नका. पहिल्या शतकाच्या मध्यातली, इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली माहितीपुस्तिका. लेखकाचं नाव माहीत नाही. मजकूर लहान आहे, एका सुट्टीत वाचून होतो. आणि त्यात आपली गावं आहेत! भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आपलं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून साधं-तलम कापड गाड्यांनी, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला यायचं. किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौल. कल्याण बंदर पूर्वी चांगलं चालायचं, पण आता तिकडे चुकून ग्रीक गलबत गेलं तर पहारा देऊन भडोचला पाठवतात, असंही तो सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणाचा फटका व्यापाराला कसा बसला, ते एका वाक्यात कळतं.

भाषांतर लायोनेल कॅसन यांचं (१९८९) घ्या, टिपा फार चांगल्या आहेत. शॉफ यांचं १९१२ चं भाषांतर फुकट मिळतं, पण टिपा आता जुन्या झाल्या.

रोमच्या बाजूने याच व्यापाराकडे पाहायचं तर थोरला प्लिनी (वर आलेला मामा तोच). भारत दरवर्षी साम्राज्याचे निदान पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी त्याची तक्रार आहे. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की लाल समुद्रावरच्या एका बंदरातून वर्षाला १२० गलबतं भारताकडे निघतात. आणि ऑगस्टसने स्वतःच्या कामगिरीचा जो लेख ठेवला, ज्याची प्रत अंकाराच्या देवळाच्या भिंतीवर आहे, त्यात भारतातल्या राजांच्या वकिलाती आपल्याकडे आल्याचं तो अभिमानाने नोंदवतो.

१९३८ मध्ये पॉम्पेईत एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेरला मिळाल्या आहेत. तेरच्या संग्रहालयात जाऊन याच. व्हेसुव्हियसच्या राखेतली बाई आणि मराठवाड्यातली बाई, दागिने आणि केशरचना शेजारी ठेवून बघा.

रानवारा

रोम पडलं का, यावर कोणी सांगेल का? गिबननंतर मतं बदलली असतील ना?

दगडफूल

बदलली, आणि वाद अजून चालू आहे. पीटर ब्राउन यांच्या 'द वर्ल्ड ऑफ लेट अँटिक्विटी'ने (१९७१) 'पतन' हा शब्दच मागे ढकलला. तिसऱ्या ते आठव्या शतकात एक जग दुसऱ्यात रूपांतरित झालं, नवे धर्म, नवी कला, नवे संत, असं चित्र त्यांनी रंगवलं. छोटं आणि सुंदर पुस्तक. २००५ मध्ये दोन प्रत्युत्तरं आली. पीटर हेदर म्हणतात की हूणांच्या दाबामुळे सरहद्दीवरचे गट मोठे झाले आणि साम्राज्य त्यांनी फोडलं. ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांचं पुस्तक आकाराने लहान, पण मला सर्वांत पटलेलं. ते सम्राटांकडे न पाहता मडक्यांकडे, कौलांकडे आणि गुरांच्या हाडांकडे पाहतात. रोमन काळात साध्या शेतकऱ्याच्या घरावरही कौलं आणि घरात चांगली भांडी, पुढे ती दिसेनाशी होतात, गुरंही खुजी होतात. ज्याच्या डोक्यावरचं कौल गेलं त्याला 'रूपांतर' म्हणून समाधान होणार नाही.

काइल हार्पर यांचं 'द फेट ऑफ रोम' (२०१७) हवामान आणि साथींवर भर देतं. वाचनीय आहे, पण अनेक इतिहासकारांनी त्यावर कडक आक्षेप घेतले आहेत, तेही सोबत वाचा.

मोझेलकाठ

जर्मनीत ट्रीअरला राहते. रोज कामावर जाताना पोर्ता निग्राच्या दगडी कमानींसमोरून जाते, म्हणून हा धागा पाहून राहवलं नाही. जर्मन इतिहासकार मॉमसेनचं नाव अजून कोणी घेतलं नाही. त्यांचा रोमचा इतिहास १८५४ ते १८५६ मध्ये तीन खंडांत आला आणि इ.स.पू. ४६ ला, सीझरच्या थॅप्ससच्या विजयापाशी थांबला. सम्राटांचा चौथा खंड त्यांनी लिहिलाच नाही. १९०२ चं साहित्याचं नोबेल त्यांना मुख्यतः याच ग्रंथासाठी मिळालं. सीझरवर त्यांचं आंधळं प्रेम आहे आणि सिसेरोला ते फार लागट बोलतात. बखरवाचक यांची पत्रं वाचून झाल्यावर मॉमसेनचा सिसेरो वाचा, चिडायला होईल, पण गद्य काय ताकदीचं आहे! इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे.

पोथीघर

ग्रंथालयात काम करतो, म्हणून मिळवायचं कसं ते सांगतो.

मूळ लेखकांवर सुरुवातीला पैसे घालू नका. लिव्ही, टॅसिटस, प्लुटार्क, सीझर यांची जुनी इंग्रजी भाषांतरं गुटेनबर्गवर आहेत. 'लाकुसकर्टियस' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे सुटोनियस, पॉलिबियस, डिओ वगैरे लोएब मालेतली जुनी भाषांतरं नीट टंकून ठेवली आहेत. लोएब म्हणजे डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी, अशी १९११ पासूनची माला. लॅटिनची बांधणी लाल, ग्रीकची हिरवी. कुठल्या मोठ्या ग्रंथालयात दिसली तर हातात घेऊन बघाच.

पैसे खर्च करायचे ते आजच्या भाषांतरांवर. शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी आपल्या वाचकाला दुहेरी ओझं होतं. पेंग्विन क्लासिक्स आणि ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सच्या प्रती जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, प्रस्तावना आणि नकाशेही असतात. सीझरची युद्धवर्णनं वाचायची तर 'लँडमार्क' मालेतला खंड (२०१७) घ्या. महाग आहे, पण त्यात भरपूर नकाशे आहेत. नकाशाशिवाय गॉलची मोहीम वाचणं म्हणजे नुसती नावं वाचणं. आणि हो, आठवा भाग सीझरचा नाही, त्याचा अधिकारी हिर्टियस याने लिहिलेला आहे.

मराठीचं म्हणाल तर मराठी विश्वकोशातल्या रोमविषयक नोंदी जालावर फुकट आहेत. सनावळी आणि मराठी संज्ञा पक्क्या करायला त्या आधी वाचाव्यात. सिसेरोची पत्रं, प्लिनीची पत्रं मराठीत यायला हवीत, याची मला फार खंत वाटते. इथे इतकी जाणकार मंडळी आहेत, कोणी निवडक पत्रं भाषांतरित करायला घेतली तर मुद्रितशोधन मी करीन.

गोदातीर

पोथीघर, प्लिनीची व्हेसुव्हियसची दोन पत्रं मी घेते. लॅटिन कामापुरतं येतं. पहिला खर्डा झाला की वेगळा धागा काढते.

माहुली

ठरलं. आधी 'एसपीक्यूआर', मग 'रुबिकॉन' आणि शेजारी सिसेरोची निवडक पत्रं. मध्ये पेरिप्लस, कारण तेरला जायचंच आहे. हॅनिबल पावसाळ्यात. बखरवाचक, पत्रांची कुठली प्रत मागवू? आणि ते जेवणाचं पत्र त्यात कसं शोधायचं?

बखरवाचक

शॅकल्टन बेली यांचं भाषांतर मागवा, निवडक पत्रांचा पेंग्विनचा खंड आहे. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पत्रांना दोन क्रमांक असतात. जुना क्रमांक हस्तलिखितांच्या क्रमाने, आणि बेलींनी तारखेनुसार लावलेला नवा. जेवणाचं पत्र जुन्या क्रमाने 'अ‍ॅटिकस १३.५२', बेलींच्या क्रमाने ३५३. दोन्ही क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण इतर पुस्तकांतले संदर्भ बहुतेक जुन्या क्रमांकाने येतात. आणि त्या पत्राच्या आधीची दोन-चार पत्रंही वाचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिसेरोची मुलगी टुलिया गेली होती. ते माहीत असलं की सीझरशी साहित्यावर गप्पा मारणारा यजमान वेगळा दिसतो.